डावरीचा अंगठा

४ ऑक्टोबर २००३, शनिवार

सकाळी दाराची घंटा वाजली आणि नवरोबा लमार ओरडला, "व्हर्ना, तुझ्या बाई आल्यात! गृहपाठ झालाय का?"

राऊखबाई खरोखरच दारात उभ्या होत्या. मी चौथीत असताना त्या आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवायच्या. आता त्या एक्याऐंशीच्या, मी सदुसष्टची, तरी त्यांना बघून मी ओला हात एप्रनला पुसला आणि ताठ उभी राहिले. गाडीच्या डिकीत कपड्यांच्या दोन टोपल्या होत्या. टोपल्यांत त्यांच्या नाताळच्या शोभेच्या गावातली वीतभर घरं, सगळी जपानी, पुठ्ठ्याची. सप्टेंबरच्या वादळात तळघरात पाणी शिरलं, त्यात आठ घरं भिजली. काहींच्या भिंती वाकल्यात, दोन घरांची बुडं सुटलीत, कुंपणं लोळागोळा झालीत.

नववं म्हणजे चर्च. ते वरच्या फळीवर होतं म्हणून कोरडं राहिलं.

"आठ घरं तुला जमतील तशी कर," बाई म्हणाल्या. "चर्च फक्त ठेवून घे. घर विकायला काढलंय. परके लोक सगळ्या खोल्यांतून हिंडतात, मला ते तिथे नको. पण त्याला हात लावायचा नाही."

"धूळ पण पुसू नको?"

"हात लावायचा नाही म्हणजे काय, ते तुला चौथीत बरोबर कळत होतं."

तीस नोव्हेंबरला सगळं परत हवंय. त्या रविवारी गावात घरोघरचे पुट्झ, म्हणजे नाताळचे मांडलेले देखावे, बघत हिंडायला सुरुवात होते, आणि राऊखबाईंचा पुट्झ बघितल्याशिवाय आमच्या लिटिट्झमध्ये कुणाचा नाताळ सुरू होत नाही. हा त्यांचा शेवटचा. जानेवारीत त्या वृद्धाश्रमात जाणार. एक खोली, एक खिडकी, एक टेबल, असं त्यांनी मोजून सांगितलं. ही घरं त्यांच्या वडिलांनी १९३१ साली पाच-दहा सेंटांच्या दुकानातून आणलेली. त्या वर्षी त्यांची गिरणी बंद पडली होती.

चर्च मी खिडकीतल्या कपाटावर ठेवलं. सुंदर आहे. फिकट गुलाबी भिंती, लाल जिलेटिन कागदाच्या खिडक्या, छपरावर अभ्रकाच्या चुऱ्याचा बर्फ. फक्त छपराच्या दोन्ही उतारांवर एकेका जागी बर्फ गेलाय. एका बाजूला कोटाच्या बटणाएवढा डाग, दुसऱ्या बाजूला लांबट. खालचा पुठ्ठा उघडा पडून काळपट झालाय. बाई एवढ्या टापटिपीच्या, त्यांना हे खुपत कसं नाही?

६ ऑक्टोबर, सोमवार

बुडं सुटलेली दोन घरं आधी घेतली. आतून कधी बघायलाच मिळत नाहीत ही घरं. मी चष्म्यावर भिंग चढवलं आणि तासभर उठले नाही.

मी अडतीस वर्षं कारखान्यात चॉकलेटच्या खोक्यांचे कोपरे चिकटवले. कोपरा बघितला की तो चिकटवणारी बाई कशी बसली होती ते मला कळतं. उजव्या हाताची बाई खोकं डाव्या हातात धरते, कागदाची पट्टी आपल्याकडे ओढते आणि शेवटी अंगठ्याने दाबते. पट्टीचं टोक कुठल्या भिंतीवर संपतं ते ठरलेलं. या घरांत ते भलत्याच भिंतीवर संपतं. दोन्ही घरांत, चारही कोपऱ्यांत.

ही घरं चिकटवणारी बाई डावरी होती!

आमच्या रांगेत एस्थर झुक तशी होती. तिचे कोपरे मी डोळे मिटून ओळखायची. मुकादम तिला ओरडायचा, पण तिचं खोकं कधी उकललं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तिसऱ्या घराचं बूड सोडवलं, तेही डावरीचं. चौथं नाही. चौथं करणारीला घाई होती, खळ बदाबदा लावलीय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

घरांच्या भिंती सरळ झाल्या. टिपकागदाच्या दोन थरांत ठेवून वर बायबलचे कोश ठेवले. जिलेटिन कागद तीन खिडक्यांना नवा लावावा लागला. झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची आहेत, ती हिरव्या रंगात बुडवून दोरीवर वाळत घातली. लमार म्हणाला, "आज जेवायला हेच का?"

जेवताना मी त्याला डावरीबद्दल सांगितलं. टेबलावर कागद घेऊन दाखवलं, उजवी अशी ओढते, डावरी अशी.

"बरं," तो म्हणाला. "मग?"

"मग काय? कोण असेल ती? कुठे बसत असेल? घरी की कारखान्यात? तिला माहीत तरी असेल का की हे चर्च आहे? तिने आयुष्यात चर्च बघितलं असेल का?"

"चर्च तिने केलंय कशावरून?"

चर्च तिने केलंय की नाही, तेच तर माहीत नाही.

लमारने ताटातला शेवटचा बटाटा उचलला. "चाळीस वर्षं मी दूध टाकलं लोकांच्या दारात. कुणी विचारलं नाही, बाटली कुणी धुतली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझी किती खोकी झाली असतील गं एकूण?"

मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

राऊखबाई बघायला आल्या. तिसऱ्यांदा. म्हणाल्या वाटेवरच होतं. आमचं घर कशाच्याच वाटेवर नाही.

सहा घरं उभी बघून त्या खूश झाल्या. "बेकरी बरी झाली," म्हणाल्या. त्यांच्याकडे प्रत्येक घराला नाव आहे. मी त्यांना डावरीबद्दल सांगितलं नाही. चौकशा करणारी मुलगी त्यांना चौथीतही आवडायची नाही.

जाताना त्यांनी चर्च उचलून बघितलं. उचलण्याची पद्धत गमतीची. दोन्ही तळवे बुडाखाली सरकवून, गरम भांडं उचलावं तसं. संधिवात असावा. मी म्हटलं, "छपराला धरा, सोपं पडेल."

"नको," त्या म्हणाल्या आणि ठेवून दिलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

लमार आणि मी ओढ्याकाठी शेवाळ काढायला गेलो. पुट्झला दुकानातलं हिरवं कापड चालत नाही, शेवाळच लागतं, आणि बाईंना आता वाकवत नाही. दोन बादल्या भरल्या. लमार चिखलात बसला आणि उठेना, मला हसू आवरेना. घरी येऊन गरम सफरचंदाचा रस प्यायलो.

आठही घरं झाली. आठातली तीन डावरीची. सगळ्यांच्या बुडाच्या मागच्या कडेवर एकच जांभळा शिक्का. चर्चच्या कडेवरही तोच आहे. तेवढं मी वाकून बघितलं, हात न लावता.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोक्यातला किडा जात नाही. चर्चच्या पाठीमागे दिवा सरकवायला भोक आहे. त्यातून टॉर्च मारून बघितलं. मागचा कोपरा अर्धाच दिसतो. पट्टी दिसते, टोक दिसत नाही. आणि पट्टीवर काहीतरी आहे.

हात लावला नाही म्हणता येईल का? टॉर्च मी धरली होती, चर्च नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

जे केलं ते लिहितेच.

लमार केस कापायला गेला होता. मी ठरवलं, बूड अलगद सोडवायचं, बघायचं, परत चिकटवायचं. आठ घरांचं केलंय, नववं काय जड आहे? ओला टिपकागद लावून चाळीस मिनिटं थांबावं लागतं. मी दहा मिनिटं थांबले आणि मग किटलीची वाफ दिली. आयुष्यभर दुसऱ्या बायकांना सांगत आले, घाईच्या हाताने खोकं फाटतं. माझ्याच हाताला घाई झाली.

बूड सुटलं. मी भिंग लावलं.

डावरीच. आणि मागच्या कोपऱ्यात, पट्टीच्या टोकावर, वाळलेल्या खळीत तिचा अख्खा अंगठा उमटलाय. रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. लहान आहे. मी माझा अंगठा शेजारी धरला, माझा दीडपट. मुलगी असेल, की बारीक चणीची बाई? मी हसत होते एकटीच. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहात्तर वर्षं तो कोपरा उकलला नाही आणि तो कुणी दाबला ते बघणारी मी पहिली.

मग मी चर्च सरळ केलं आणि छपरावरचा बर्फ घसरून टेबलावर आला. वाफ वर गेली होती. एका उतारावरचा बर्फ जवळजवळ सगळा गेला, दुसऱ्यावरचा अर्धा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बूड परत चिकटवलं. आतून दाब द्यायला दिव्याच्या भोकातून अंगठा घालावा लागला, बरोबर तिच्या ठशाच्या शेजारी. खळ ओली होती, माझाही ठसा उमटला असणार.

मग छप्पर. पडलेला अभ्रक चाळून घेतला, कमी पडला तो माझ्याकडच्या एका जुन्या मोडक्या पुठ्ठ्याच्या घरावरचा घातला. पातळ सरस, वरून चुरा, फुंकर, पुन्हा चुरा. दुपारी चार वाजता उन्हात धरलं. नव्यासारखं नाही, जुन्यासारखंच, पण ठाकठीक. ते दोन डागही बुजले. आता होतं त्याहून सुंदर दिसतंय. हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे आणि ते मला कुणालाच दाखवता येत नाही.

बाईंना कळणार नाही. कळलं तरी आवडेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घरं पोचवली. बाईंच्या दिवाणखान्यात निम्मी खोकी बांधून झाली होती. पुट्झचा चौथरा मात्र खिडकीशी मांडलेला, रिकामा. एकेक घर काढलं तसं त्यांनी नाव घेतलं. बेकरी, डॉक्टर, शेजारच्या बेक मंडळींचं घर, शाळा. प्रत्येकाला मान हलवली.

चर्च काढलं. त्यांनी तळवे पुढे केले आणि तिथेच थांबल्या. मग एक बोट छपरावरून फिरवलं, एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने.

"याला काय केलंस?"

"धूळ पुसली थोडी," मी म्हटलं.

सदुसष्ट वर्षांची बाई मी, आणि माझ्या तोंडून हे निघालं. त्यांनी सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली माझ्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थनेला राऊखबाई आल्या नाहीत. बाराव्या वर्षापासून त्यांचा एकही रविवार चुकला नसेल. सर्दी असेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लमारला सगळं सांगावं लागलं. चार दिवस मी जेवत नव्हते आणि मुरंब्याची बाटली फडताळाच्या मागे लपवली होती, ती त्याला सापडली.

तो ऐकून म्हणाला, "डाग होते ना? मग परत पाड. काचकागदाने रगड की दोन मिनिटं."

"असे डाग पाडता येत नाहीत."

"का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला समजेना का. म्हणून मी कपाटावरचं माझं स्वतःचं तसलंच एक पुठ्ठ्याचं घर घेतलं आणि ठेवायला जावं तसं उचललं. न बघता. मग बघितलं माझी बोटं कुठे आहेत ते. अंगठा छपराच्या एका उतारावर. चार बोटं दुसऱ्यावर.

एक बटणाएवढा. एक लांबट.

लमारने घर माझ्या हातातून काढून घेतलं. "अरे देवा, व्हर्ना," तो म्हणाला, आणि त्यानंतर थट्टा केली नाही.

अडतीस वर्षं कोपरे बघून बाई ओळखणारी मी! दीड महिना ते छप्पर डोळ्यांसमोर होतं आणि मला उंदराचं काम वाटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गेले. लमार गाडीत बसला, आत येतो म्हणाला, मी नको म्हटलं.

बाईंनी स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ओतली. मी कप उचलला नाही. किटलीपासून काचकागदापर्यंत सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. त्या टेबलाकडे बघत ऐकत होत्या.

"ते डाग बाबांच्या हाताचे होते," शेवटी म्हणाल्या. "सगळं गाव मांडून झालं की चर्च ते ठेवायचे. आम्हाला कुणाला ठेवू द्यायचे नाहीत. सत्तावीस वर्षं. ते गेल्यावर मी खालून उचलायला लागले."

"मला कळायला हवं होतं."

"हो. तुला हवंच होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर मी काही म्हटलं नसतं."

हे जास्त लागलं. मी उठायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "आणि आत काय होतं एवढं?"

मी सांगितलं. डावरीचं, पट्टीचं, तीन घरांचं, खळीतल्या अंगठ्याचं. शेजारी माझा उमटला तेही सांगितलं, लपवायचं आता काय राहिलं होतं? सांगता सांगता माझा आवाज वाढला, हात हलायला लागले, आणि मला एकदम लाज वाटली.

"दाखव," बाई म्हणाल्या.

"आता नाही दिसत. बंद केलंय."

"म्हणजे ते फक्त तू बघितलंस."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझा भरलेला कप मोरीत ओतला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. भाचे मंडळी आली, बारा पानं. टर्की कोरडी झाली. लमारच्या बहिणीने विचारलं, रविवारी राऊखबाईंकडे किती वाजता जायचं? लमार माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तुम्ही जा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जाणार नाही असं ठरवलं होतं. पण पुट्झच्या दिवशी दार सगळ्यांना उघडं असतं, गावात वैर असलं तरी. न जाणं म्हणजे त्यांनी दार लावलं असं मीच म्हटल्यासारखं होईल. जाईन. मागे उभी राहीन.

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी दोनला गेलो. रांग पायऱ्यांपर्यंत होती. खोलीत मेणाचा आणि कॉफीचा वास. चौथऱ्यावर आमचं शेवाळ, आरशाचं तळं, घोसाळ्याची झाडं आणि आठ घरं, प्रत्येकात दिवा. मधोमध मात्र नुसतं शेवाळ. लोक एकमेकांना कुजबुजत विचारत होते, चर्च कुठाय?

चर्च राऊखबाईंच्या मांडीवर होतं. चौथऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

त्यांच्या घरात मुलांना एकच नियम. हात मागे. साठ वर्षांत कुणाचं बोट त्या शेवाळाला लागलेलं नाही. आज प्रत्येक जण पुढे आला की त्या चर्च त्याच्यासमोर धरत होत्या.

"छपराला धर. अंगठा इकडे, बोटं तिकडे. असं नाजूक नको, नीट धर. हं. आता दे परत."

पाद्री धरून गेले. बेक मंडळींची तिन्ही मुलं, घाबरत. नुकतेच राहायला आलेले नवरा-बायको, त्यांना वाटलं ही रीतच आहे. टपालवाल्याच्या बोटांवर अभ्रक चमकत राहिला, तो हात पँटीला पुसणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "राहू दे." कुणी कारण विचारलं की त्या म्हणत, "बाबांच्या हाताला सत्तावीस वर्षं लागली. माझ्याकडे वेळ कमी आहे, म्हणून माणसं जास्त लागतात."

लमार म्हणाला, "राऊखबाई, मी दुधाचे क्रेट उचललेत. माझ्या हातात मोडेल हो."

"मोडलं तर तुमची बायको आहे," त्या म्हणाल्या.

लोक हसले. माझा जीव थोडा हलका झाला. माझी पाळी आली. मी उजवा हात पुढे केला.

"तू नको," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी ऐकलं. माझे कान तापले. मी हात खाली घेतला.

"तुझा अंगठा आत आहे," त्या म्हणाल्या. मग मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात सांगायच्या तशा, "हिचा आहे, आणि जपानातल्या एका डावऱ्या बाईचा आहे. शेजारी शेजारी. दिसत नाही, पण आहे. हिने चिकटवलेलं खोकं कधी उकललेलं नाही. कशावरून डावरी ते हिला विचारा, ही सांगेल."

आणि लोकांनी विचारलं. मी सांगितलं. टपालवाल्याने खिशातला लिफाफा काढून दिला, त्यावर मी पट्टी ओढून दाखवली, उजवी कशी आणि डावरी कशी. बेक मंडळींची मधली मुलगी डावरी निघाली, तिने करून बघितलं. अर्धा तास तरी मी बोलत होते. अडतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

साडेचारला गर्दी ओसरली. बाई उठल्या. त्यांनी चर्च उचललं, आणि या वेळी खालून नाही. अंगठा एका उतारावर, बोटं दुसऱ्यावर. मधल्या शेवाळात ठेवलं, मागून दिवा सरकवला आणि हात तसाच छपरावर ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या.

गाडीत लमारने विचारलं, "मग? शिक्षा झाली की बक्षीस मिळालं?"

मी म्हटलं, "समोर बघून चालव." आणि घर येईपर्यंत मी माझा अंगठा मुठीत धरून बसले होते.